पथ्य आणि बळ

मूर्तिजापूर,
चैत्र

तीर्थरूप दादांस,

दीर्घकालीन आजार असलेल्या वृद्धांच्या तपासणीचे आकडे सुधारत असताना त्यांच्या अंगातले बळ मात्र ओसरत जाते, असे पुष्कळदा घडते. आईची साखर आटोक्यात आली याचा अर्थ लावताना तिचे उतरलेले वजन आणि मंदावलेली चाल यांकडेही पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

शरीराची राखीव क्षमता इतकी घटावी की चार दिवसांचा ताप किंवा औषधातील लहानसा बदलही माणसाला अंथरुणाला खिळवील, या अवस्थेला वृद्धवैद्यकात क्षीणता म्हणतात. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अमेरिकेत तिची पाच लक्षणे मांडली: नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची ढिली पकड, मंद चाल आणि कमी झालेली हालचाल. यांपैकी तीन आढळल्यास क्षीणता आणि एक-दोन आढळल्यास तिची पूर्वावस्था मानली जाते. क्षीणता वेळीच ओळखली, तर पुष्कळदा मागे परतवता येते.

मधुमेहात स्नायू लवकर झिजतात आणि त्यात पथ्याची भर पडते. आधी गोड आणि भात बंद होतो, मग तेल-तूप, आणि अखेरीस रात्रीचे जेवण अर्धी भाकर व पातळ वरण एवढ्यावर येते. वृद्धांना शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे पन्नास किलो वजनाला पन्नास ते साठ ग्रॅम. एवढी प्रथिने अशा ताटातून मिळत नाहीत. घट्ट वरण, दही, उसळ, अंडे यांनी ती वाढवता येतात. परंतु मूत्रपिंड अशक्त असल्यास हे प्रमाण बदलते, आणि आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकाराच्या तक्रारी नेहमीच्या असल्याने क्रिएटिनिनची तपासणी आधी व्हावी.

औषधांचाही फेरविचार हवा. अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे उद्दिष्ट आठ टक्क्यांपर्यंत शिथिल ठेवण्याची शिफारस अमेरिकन डायबेटिस असोसिएशन करते, कारण साखर एकाएकी उतरून पडण्याचा धोका अधिक घातक ठरतो. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या वैशाखातील उन्हाच्या दिवसांत अंगातले पाणी कमी करतात, त्यामुळे उठताना चक्कर येत असल्यास मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. ती घरच्या घरी बदलू नये.

बळ घरीही अजमावता येते: हाताचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठण्यास बारा सेकंद किंवा अधिक लागले, तर स्नायुक्षयावरील आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार स्नायूंची कार्यक्षमता कमी समजावी. हेच उठणे-बसणे, सोबतीला कोणी असताना, रोजचा व्यायामही ठरू शकते.

पुढील भेटीत साखरेबरोबर वजन, चाल आणि पकड यांचीही नोंद डॉक्टरांकडून व्हावी, आणि पथ्य वाढवायचे की सैल करायचे हे त्या नोंदीनंतरच ठरावे, अशी विनंती आहे. तोवर फोनवरून आईला जेवण कमी करण्याचा आग्रह होऊ नये.

कळावे, आशीर्वाद असावा.