बसऱ्याला गेलेला आजा

बेळगावात राहून मराठा सेंटरच्या फाटकावरून किती वेळा गेलो असेन, त्याला हिशेब नाही. पण आतलं संग्रहालय बघायचा योग आला तो वयाच्या ५४व्या वर्षी, तोही बाबांच्या हट्टामुळे. बाबा आता ८४ वर्षांचे. गेल्या महिन्यात चहा पिता पिता म्हणाले, "एकदा ते बघून येऊया की. माझ्या आज्याचं काय हाय काय तिथं, बघूया."

बाबांचा आजा, म्हणजे माझा पणजोबा, पहिल्या महायुद्धात ११० नंबरच्या मराठा पलटणीत शिपाई होता. आमच्या घरात महायुद्ध असं कुणी म्हणत नाही. "बसऱ्याला गेला" एवढंच म्हणतात. गेला तो परत आला नाही. लढाई संपल्यावर शेजारच्या गावचा त्याचा एक जोडीदार परत आला. त्यानं सांगितलं, "कुतात अडकलो. घोडी कापून खायची पाळी आली. ह्यानं घोड्याला तोंड लावलं नाही. मग कैदेत चालवत नेलं, तेव्हा अंगात बळ नव्हतं. समऱ्याच्या पुढं मागं पडला, तो दिसलाच नाही."

माझ्या पणजीनं हे शेवटपर्यंत मनातून काढलं नाही. सर्वपित्रीला पान वाढताना दरवर्षी एकदा तरी पुटपुटायची, "घोडं खाल्लं असतंस तर आला असतास." मरणाची तिथी माहीत नाही, म्हणून आमच्याकडे त्याचं पान सर्वपित्रीलाच. बाबा लहानपणापासून हेच ऐकत आले. आजा हट्टी होता, हट्टापायी मेला आणि घर उघड्यावर टाकलं, असंच त्यांच्या मनात बसलेलं.

ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांनी परवानगीचं बघितलं आणि आम्ही गेलो. रेजिमेंटचा इतिहास १७६८ पासूनचा. जुने गणवेश, हत्यारं, पदकं, फोटो. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव. घाडगे तिसऱ्या बटालियनचे, १० जुलै १९४४ रोजी पडले. सुभेदार म्हणाले, "ही तिसरी बटालियन म्हणजेच जुनी ११० मराठा. तुमच्या आजोबांची पलटण." बाबा हात जोडून उभे राहिले.

मग आम्ही युद्धसन्मानांपाशी आलो. बाबा इंग्रजी अक्षरं बोटानं लावत वाचत होते. 'डिफेन्स ऑफ कुत-अल-अमारा' इथं बोट थांबलं. "हे कूत? आजी म्हणायची ते?" आम्हा सगळ्यांना वाटायचं, जुन्या माणसांनी कुठल्या तरी गावाचं नाव मोडून ठेवलंय. ते नाव इथं मानानं लिहिलेलं.

सुभेदारांनी तिथंच बसून सगळं सांगितलं. सहावी पुणे डिव्हिजन, तिच्यात आपल्या तीन मराठा पलटणी, १०३, ११० आणि ११७. डिसेंबर १९१५ पासून कुतला वेढा, १४७ दिवस. धान्य संपत आलं. घोड्याचं मांस खायला हरकत नाही, असे धर्मगुरूंचे निरोप हिंदुस्थानातून बिनतारी यंत्रानं आले, तरी कितीतरी हिंदी शिपायांनी एप्रिलपर्यंत ते खाल्लं नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. जनरल टाउनशेंड इस्तंबूलजवळ आरामात राहिले. शिपायांना मात्र वाळवंटातून पायी नेलं, आणि त्यातले हजारो परत आले नाहीत.

बाबांनी एकच विचारलं, "म्हणजे आमचा आजा एकटाच नव्हता न खाणारा?"

"एकटा कुठला, शेकड्यांनी होते."

बाबा बराच वेळ गप्प बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, "आजी उगीच बोलायची त्याला." थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "ती तरी काय करणार म्हणा. विशीत कपाळ मोकळं झालेलं. कुणावर तरी राग काढायलाच हवा होता."

पणजोबाचं नाव तिथं कुठं नव्हतं. बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावरही साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीमागे नुसते आकडे आहेत. घरी आल्यावर बाबांनी देव्हाऱ्याखालची डबी उघडली. त्यात त्याचं चांदीचं पदक आहे. त्या काळी कित्येक घरांत अशी पदकं विकली गेली, वितळवली गेली. रागावलेल्या पणजीनं दुष्काळातही ते मोडलं नाही. चिंच लावून ते घासलं, तेव्हा कडेवर बारीक अक्षरं उमटली. नंबर, शिपाई, त्याचं नाव आणि पलटण. माझ्या मुलीनं भिंग धरून ते मोठ्यानं वाचलं. आमच्या घरात ते नाव इतक्या मोठ्यानं बहुतेक पहिल्यांदाच कुणी उच्चारलं असेल.

यंदा सर्वपित्रीला पान वाढताना बाबा काय पुटपुटतात, त्याकडे माझं लक्ष असणार आहे.

तुमच्याही घरात कुणी बसऱ्याला गेलं असेल. जुन्या डब्या एकदा उघडून बघा. पदकाची कडा नीट घासा आणि नाव सापडलं तर इथं जरूर लिहा.