धबधब्यावर थांबायचं

१९९६ साली दादाने उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून टीव्ही गेमची एक पिवळी कॅसेट आणली. वर छापलं होतं, ‘९९९९९९ इन वन’. अंबरनाथला ऑर्डनन्सच्या क्वार्टरमध्ये घरी लावून बघितली, तर आत खेळ सात-आठच. तेच पुन्हा पुन्हा, नावं बदलून. पण पहिल्या ओळीत कॉन्ट्रा होता, आणि तो असला की बाकीचे कुणी मोजत नसे.

जपानच्या कोनामी कंपनीने हा खेळ १९८७ साली आर्केडसाठी काढला आणि १९८८ साली निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर आणला. आमच्याकडे होती ती फॅमिकॉमची नक्कल. निळ्या आणि लाल पँटीतले दोन सैनिक. उजवीकडे पळत सुटायचं, समोर येईल त्याला उडवायचं. मुळात लाइफ तीनच. पण वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए एवढं दाबलं की तीस मिळत. हा कोड काझुहिसा हाशिमोतो यांनी आधी ग्रेडियस या विमानाच्या खेळासाठी रचला होता, कारण तपासताना तो खेळ त्यांना स्वतःलाच झेपेना. आमच्या बोटांना हा कोड पाढ्यांसारखा पाठ होता.

मतं प्रत्येकाची ठाम. ‘एल’, म्हणजे लेझर बंदूक, आली की मागे बसलेले ओरडत, “घेऊ नको!” तिचं बटण पुन्हा दाबलं की आधी सुटलेली रेघ वाटेतच विरायची. ‘एस’ म्हणजे पाच गोळ्यांचा पंखा. ती दिसली की दोघंही झेपावत आणि भांडण पेटे. खेळ सोपा की अवघड, हा वाद तर कायमचा. उल्हासनगरहून सायकलवर येणारा माझा सिंधी वर्गमित्र म्हणायचा, “तीन लाइफमध्ये संपवा, मग बोला.” त्याचं मला आजही पटतं, पण अर्धंच.

कारण तिसरा टप्पा. धबधबा. इथे पळायचं नाही, वर चढायचं. जो भराभर चढतो त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो, आणि खाली राहिलेला पडद्याच्या कडेला मरतो. शत्रूची गोळी लागत नाही. सोबत्याची घाई त्याला मारते. घाई माझी असायची. दादाच्या तीस लाइफ तिथेच संपत, मग तो बटण दाबून माझ्यातली एक घ्यायचा आणि मी चिडायचो. एका संध्याकाळी त्याने रिमोट जमिनीवर ठेवला. म्हणाला, “चढ, पण मी उडी मारेपर्यंत थांब.” मग आम्ही मोठ्याने मोजत चढलो. एक, दोन, उडी. त्या दिवशी पहिल्यांदा पाचव्या टप्प्यातल्या बर्फापर्यंत पोचलो, आणि लाइट गेली. खेळ साठवून ठेवायची सोयच नव्हती. लाइट आल्यावर पुन्हा पहिलं जंगल.

म्हणून एकट्याने खेळून कुणी कॉन्ट्राबद्दल मत दिलं तर मला ते अपुरं वाटतं. हा खेळ दोघांनी धबधबा चढल्याशिवाय कळत नाही.

दादा आता बदलापूरला राहतो. त्याच्या मुलीने कॉन्ट्रा मोबाइलवर खेळून बघितला आणि “बोअर आहे, काका” म्हणून सोडून दिला. गेल्या दिवाळीत मी जुना संच घेऊन गेलो. दोन रिमोट जोडले. धबधब्यावर ती भराभर चढली आणि मी खाली मेलो. “अय्या, सॉरी!” म्हणाली. पुढच्या खेपेला ती वरच्या दगडावर माझ्यासाठी थांबली.