सामानापाशी

"पण सामानापाशी कोण बसणार?"

माझ्या तोंडून हे गेलं आणि लेक लॅपटॉपवरून मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. फेब्रुवारीत चियांग माईला तिची चार दिवसांची कार्यशाळा आहे आणि मी सोबत जाणार आहे. बँकॉकहून विमानानं सव्वा तासात पोचता येतं. ते सोडून रेल्वेनं जायचं, वाटेत अयुथ्थयाला उतरायचं, दिवसभर ते जुनं शहर बघायचं आणि रात्री झोपायच्या गाडीनं पुढं निघायचं, हा हट्ट माझा.

"स्टेशनवर लगेज रूम आहे ना, आई. थोडे बाथ द्यायचे, पावती घ्यायची, मोकळे."

मी हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. ते वाक्य माझं नव्हतंच. ते पन्नास वर्षांपूर्वीचं, आमच्या साताऱ्याच्या घरातलं. अण्णा ते विचारायचे आणि उत्तर ठरलेलं असल्यामुळे कुणी देत नसे.

अण्णा शाळेत इतिहास शिकवायचे. नुसतं फिरायला म्हणून आम्ही कधी गेलो नाही, तेवढे पैसेच नव्हते. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, कुणाचं बारावं, अशा निमित्तानं प्रवास व्हायचा, आणि प्रत्येक प्रवासात अण्णा एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणायचे, "एवढे आलोच आहोत तर जरा वाट वाकडी करू." कुठलं तरी देऊळ, कुठला तरी शिलालेख, कुठली तरी बारव. मी त्यांच्या मागे. आई सामानापाशी. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, फिरकीचा तांब्या, डब्यांची पिशवी आणि बहुतेक वेळा मांडीवर झोपलेला माझा धाकटा भाऊ. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेलं सामान घेत नाहीत आणि वळकटीला कुलूप लावता येत नाही. आडगावच्या एसटी स्टँडवर तर क्लोकरूमही नसे. तिथं आई असे.

१९७४ चा मे महिना. मी नऊ वर्षांची. कोल्हापूरला मावशीचं लग्न उरकून परत येताना आम्ही नरसोबाच्या वाडीला उतरलो. पादुकांचं दर्शन झालं, संगमाच्या पाण्यात पाय बुडवून झाले, कवठाची बर्फी घेऊन झाली. मग अण्णा म्हणाले, खिद्रापूर इथून जवळच आहे. आईनं घाटावरच्या झाडाखाली वळकटी टेकवली, भावाला पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "या तुम्ही जाऊन."

कोपेश्वराचं ते देऊळ मी तेव्हा पाहिलं, ते डोळ्यांतून गेलेलं नाही. बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. पुढच्या स्वर्गमंडपाला मधोमध छत नाही. वर आभाळाचा गोल आणि खाली बरोबर तेवढाच दगडाचा गोल. अण्णांनी मला खांब मोजायला लावले. अठ्ठेचाळीस. बाहेरून भिंतीच्या पायाशी हत्तींची रांग, साऱ्या देवळाचा भार पाठीवर घेऊन उभी असलेली.

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आई घाटाच्या पायरीवर बसली होती. तिच्यासमोर पाठ करून माझ्याच वयाची एक परकी मुलगी बसली होती आणि आई तिची वेणी घालत होती. घट्ट, चापून. शेवटाला तिनं माझ्या पिशवीतली लाल रिबीन बांधली. लग्नासाठी घेतलेली, एकदाच वापरलेली माझी रिबीन. त्या मुलीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. खिद्रापूरहून आणलेलं सगळं आभाळ त्या रिबिनीपाशी संपलं.

तर अयुथ्थया.

अयोध्येवरून नाव घेतलेलं हे शहर १३५१ मध्ये वसलं. वसवणारा राजा रामाधिबोदी. चाओ फ्राया, पासाक आणि लोपबुरी अशा तीन नद्यांनी वेढल्यामुळे ते एक बेटच आहे. बँकॉकच्या जुन्या हुआ लाम्फोंग स्थानकापासून अवघं ७१ किलोमीटर. सयाममधली पहिली सरकारी रेल्वे १८९६ मध्ये धावली ती याच मार्गावर. लांबच्या गाड्या आता नव्या, अवाढव्य क्रुंग थेप अपिवात स्थानकातून सुटतात, पण संथ लोकल गाड्या अजूनही हुआ लाम्फोंगहून निघतात. तिसऱ्या वर्गाचं तिकीट पंधरा-वीस बाथ, खिडक्या उघड्या. मला तीच गाडी हवी आहे. अयुथ्थयाचं स्टेशन बेटावर नाही, पासाक नदीच्या अलीकडे आहे. समोरच्या गल्लीतून चालत गेलं की धक्का आणि पाच-दहा बाथमध्ये होडी पलीकडे सोडते. तिथून सायकल भाड्यानं घ्यावी, नाहीतर बेडकाच्या तोंडासारखं नाक असलेली तिथली टुकटुक.

लेकीनं यादी केली आहे. वाट महाथात, तिथं झाडाच्या मुळांनी कवेत घेतलेलं बुद्धाचं दगडी मस्तक आहे. फोटो काढायचा तर खाली बसावं लागतं, कारण आपलं डोकं त्या मस्तकापेक्षा उंच असणं तिथं अनादराचं मानतात. मग राजवाड्याच्या आवारातलं, तीन स्तूपांचं वाट फ्रा सी सान्फेत. संध्याकाळी चाओ फ्रायाच्या पश्चिम काठावरचं, १६३० मध्ये बांधायला घेतलेलं वाट चायवत्थनाराम, सूर्य मागे जाताना. मध्येच तिनं 'रोती साय माय' असं लिहून पुढे बदाम काढला आहे. पातळ पोळीत साखरेचे रंगीत धागे गुंडाळून देतात, म्हणजे आपले म्हातारीचे केसच.

थायी भाषेत विहाराला 'वाट' म्हणतात. अंकोर वाटमधला तोच वाट. तिची यादी वाचताना मला ऐकू येत होतं ते मात्र मराठी. अण्णा वाट वाकडी करायचे आणि आई वाट बघायची.

या यादीत मी एक नाव घातलं, वाट माहेयोंग. ते बेटावर नाही, स्टेशनच्याच बाजूला, पूर्वेकडे आहे. फारसं कुणी तिकडे जात नाही. तिथल्या घंटेच्या आकाराच्या स्तूपाच्या पायाशी सगळीकडून हत्ती आहेत, स्तूप पाठीवर घेतल्यासारखे उभे. फोटो पाहिला आणि मला खिद्रापूरच दिसलं. लेक म्हणाली, "हे वाटेत नाहीये." मी म्हटलं, "वाट वाकडी करू." आणि मला अण्णांचा राग आला. बऱ्याच वर्षांनी, ताजा, कडक राग.

राग त्यांनी आईला बसवून ठेवलं याचा आहेच. त्याहून जास्त, परत आल्यावर ते जे करायचे त्याचा आहे. वाडीच्या घाटावर त्यांनी काडीनं धुळीत एक वर्तुळ काढलं, भोवती टिंबं दिली आणि आईला स्वर्गमंडप समजावून सांगितला. अर्धा तास. प्रेमानं सांगितला, ते मला नाकारायचं नाही. हंपीहून आलो तेव्हा होस्पेटच्या फलाटावर त्यांनी दगडी रथ सांगितला. वेरूळला आई झाडाखाली होती आणि कैलास लेणं तिला खुलताबाद येईपर्यंत ऐकवलं गेलं. "हो का", "अगंबाई" असं म्हणत ती ऐकायची. सांगितलं की दाखवलं, असं त्यांना मनापासून वाटायचं. एकदाही त्यांच्या मनात आलं नाही की आपण बसू आणि ती जाऊन येईल. आमच्या अल्बममध्ये अशा ठिकाणच्या एकाही फोटोत आई नाही.

इतिहास सांगताना अण्णांचा आवाज बदलायचा. अयुथ्थयाचा शेवट त्यांनी कसा सांगितला असता ते मला तंतोतंत ऐकू येतं. चौदा महिन्यांचा वेढा आणि एप्रिल १७६७ मध्ये बर्मी सैन्यानं शहर जाळलं. पुण्यात तेव्हा थोरले माधवराव गादीवर होते, पानिपताला सहा वर्षं झाली होती. अण्णांनी हे जोडलंच असतं. फ्रा सी सान्फेतमधल्या उभ्या बुद्धमूर्तीवरचं सोनं आक्रमकांनी वितळवून नेलं. हजारो माणसांना पकडून ब्रह्मदेशात चालवत नेलं, त्यांत राजघराण्यातले होते, कारागीर होते, नर्तक होते. १७८२ मध्ये पहिल्या रामानं बँकॉकला राजधानी केली तेव्हा या पडक्या शहराच्या विटा होड्यांत भरून खाली नेल्या आणि नव्या तटबंदीत चिणल्या. सोनं गेलेल्या त्या मूर्तीचे अवशेषही नेले. बँकॉकच्या वाट फो विहारातल्या एका स्तूपात ते आजही आहेत. जाणाऱ्यांनी शहराचं सामान नेलं, नावही नेलं. बँकॉकच्या लांबलचक औपचारिक नावात 'अयुथ्थया' हा शब्द आहे.

हे वाचताना मी थांबले ती त्या चालवत नेलेल्या बायकांपाशी. कुणी कशाचं बोचकं बांधलं असेल? कुणाला मागं थांबायला सांगितलं असेल?

माझी पाळी १९९३ मध्ये आली. सासरच्या मंडळींबरोबर कोणार्कला. लेक सहा महिन्यांची, तापानं फणफणलेली. बारा माणसांचं सामान आणि ती, असं मला गाडीत बसवून सगळे सूर्यमंदिर बघायला गेले. कुणी वाईट वागलं नाही, उलट परत येताना शहाळं आणलं. मी मात्र त्या दोन तासांत आईवर चिडले होते. ती चिडली असती, एकदा जरी "मी येते, तुम्ही बसा" म्हणाली असती, तर मला ते वाक्य येत असतं. कोणार्क मी अजून पाहिलेलं नाही.

अण्णा गेल्यावर एकदा मी आईला स्पष्टच विचारलं, "तुला राग नाही यायचा?" ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "यायचा की. पाय दुखायचे, तेव्हा बरंही वाटायचं." मग सोलता सोलता तिनं जे सांगायला सुरुवात केली त्याला मी तयार नव्हते. होस्पेटच्या फलाटावर बळ्ळारीची एक बाई भेटली होती, तिला मराठी येत नव्हतं, हिला कानडी, आणि दोघींनी तास-दीड तास आपापल्या बाळंतपणांच्या गोष्टी खुणांनी सांगितल्या. वेरूळला एका म्हाताऱ्यानं ट्रंकेची निघालेली कडी दगडानं ठोकून दिली, त्याचा मुलगा विहिरीत गेला होता. आणि वाडीच्या घाटावरची ती मुलगी. तिची आई कसला तरी नवस फेडायला प्रदक्षिणा घालत होती आणि तिलाही सामानापाशीच बसवलं होतं, एका गाठोड्याशी, सकाळपासून. केस पिंजारलेले, रडून रडून डोळे सुजलेले. "म्हटलं, ये इकडं. वेणी घातली की रडू थांबतं पोरींचं." माझ्या रिबिनीचं नाव तिनं काढलं नाही. मीही काढलं नाही.

चार वर्षांपूर्वी दवाखान्यात तिला तपासणीसाठी आत नेत होते. स्ट्रेचर दारापाशी थांबलं. मी तिच्यामागून जायला निघाले तेव्हा तिनं हातानंच मला थोपवलं. "तू पिशवीपाशी बस," म्हणाली. पिशवीत एक साडी, कंगवा, थर्मास. मी बसले. माझ्या शेजारी एक तरुण मुलगा बसला होता, पाय सारखा हलवत. काही वेळानं मी त्याला थर्मासमधला चहा दिला. त्याचे वडील आत होते. तो इस्लामपूरचा होता.

काल आम्ही पुन्हा कागद घेऊन बसलो. सकाळची गाडी, होडी, महाथात, जेवण, सान्फेत, सायकलींऐवजी टुकटुक कारण माझे गुडघे. माहेयोंग मी काढून टाकायला निघाले होते, लेकीनंच ठेवलं. चायवत्थनारामचा सूर्यास्त झाला की थेट स्टेशन. पावती दाखवून बॅगा सोडवायच्या. तिथून रात्रीची गाडी येईपर्यंत बराच वेळ उरतो. लेकीनं त्या जागी आधी बाजार लिहिला होता. मी तो खोडून 'स्टेशन, बाक' असं लिहिलं. तिनं विचारलं नाही. पेनाचं टोपण लावता लावता म्हणाली, "त्या मुलीचं नाव काय होतं गं? आजीनं वेणी घातली ती."

आईला ठाऊक होतं. नाव, गाव, गाठोड्यात काय होतं, सगळं. त्या दिवशी शेंगा सोलताना तिनं मला सांगितलंही होतं. म्हणाली होती, "आता लेकीबाळींची असेल ती, तुझ्याच बरोबरीची." मी खूप आठवून पाहिलं. गाव कर्नाटकातलं होतं एवढं वाटतं. नाव येत नाही.

खांब अठ्ठेचाळीस आहेत, ते मला पाठ आहे.