काचेच्या पलीकडे

फळा म्हटला की तो काळा असायचा, आणि लिहिताना गुरुजींची आपल्याकडे पाठ असायची, हे मी पहिलीपासून गृहीतच धरले होते. लोहा तालुक्यातल्या आमच्या शाळेत फळ्यावरचे नेमके महत्त्वाचे वाक्य गुरुजींच्या खांद्याआड असे. ते बाजूला सरकेपर्यंत आम्ही माना वाकड्या करून बसायचो.

पाठ न फिरवता लिहिणारे शिक्षक मी प्रथम पाहिले ते लातूरला. 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने गावोगावची मुले तिथे जातात, तसा अकरावीला मीही गेलो. फीसाठी वडिलांनी बैलजोडी विकली होती. शिकवणीच्या वर्गात माझा बाक शेवटून दुसरा. दोन वर्षांत तिथे कुणी मला नावाने हाक मारली नाही. एका रात्री खोलीतल्या मित्राच्या मोबाईलवर एक पाठ पाहिला. अंधारात शिक्षक उभे, मध्ये स्वच्छ काच, आणि तिच्यावर हिरवी, केशरी अक्षरे काजव्यांसारखी उजळत होती. लिहिता लिहिता ते समोर पाहत होते. मला वाटले, माझ्याकडेच पाहत आहेत.

'नीट'मध्ये मी मागे पडलो आणि नांदेडला कला शाखेत आलो. बैल गेले ते गेलेच. ती काच मात्र डोक्यातून जाईना. आपणही असा फळा करावा, गावातल्या दहावीच्या मुलांसाठी इतिहासाचे, व्याकरणाचे पाठ तयार करावेत, असे मनाने घेतले. मित्र हसले. "बी. ए.च्या पोराला काच कशाला रे?" म्हणाले.

वाचनालयात बसून मी माहिती काढली. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले अभियांत्रिकीचे प्राध्यापक मायकेल पेश्किन यांनी २०१३ च्या सुमारास असा फळा तयार केला आणि त्याची रचना कुणालाही करता यावी म्हणून खुली ठेवली. 'लाइटबोर्ड' हे त्याचे नाव. त्यामागचे तत्त्व आपल्या अकरावी-बारावीच्या पुस्तकातलेच आहे. काचेच्या कडेतून आत सोडलेला प्रकाश पृष्ठभागावर तिरपा आदळला की बाहेर पडत नाही, पुन्हा आत वळतो. पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच. जिनिव्हाच्या कोलाडन यांनी १८४१ मध्ये पाण्याच्या धारेत प्रकाश असाच कोंडून दाखवला होता. पंजाबात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेल्याचे प्रसिद्ध केले. फळ्यावर आपण निऑन मार्करने लिहितो, तेव्हा शाई काचेला चिकटते आणि तेवढ्याच जागी कोंडलेल्या प्रकाशाला वाट मिळते. म्हणून अक्षर उजळते, बाकी काच दिसतही नाही. ज्या तत्त्वाचे गुण मला लातूरला मिळाले नाहीत, ते असे नांदेडला समजले.

साध्या काचेत लोहाचा अंश असतो. त्यामुळे तिची कड हिरवट दिसते आणि प्रकाश वाटेतच जिरतो. कमी लोहाची कडक काच मला परवडणारी नव्हती. वजिराबादेत पाट्या करणाऱ्या एका दुकानात मी सुटीच्या दिवशी कामाला जात असे. तिथून तीन फूट बाय दोन फुटांचा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा मजुरीत वळता करून घेतला. ज्यूसच्या दुकानाबाहेर भाव लिहिलेली चमकती पाटी असते, तिचीच ही थोरली बहीण. कडेला एलईडीची पट्टी, वर अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ, बारा व्होल्टचा अडॅप्टर. अ‍ॅक्रिलिकवर चरे लवकर पडतात, म्हणून पुसायला मऊ सुती कापड. सगळा खर्च दोन हजारांच्या आत बसला.

दिवाळीच्या सुटीत तो फळा एस. टी.ने गावी नेला. रात्री घरातले दिवे मालवले, मागे आजोबांचे काळे घोंगडे टांगले. मोबाईल धरायला पलीकडे आई उभी राहिली. मी ठळक अक्षरांत 'आई' लिहिले.

"लई छान दिसायलंय रं," ती म्हणाली.

मी वाट पाहत राहिलो. काचेच्या पलीकडून माझी अक्षरे उलटी दिसतात. म्हणूनच चित्रीकरणात आरसा लावावा लागतो किंवा नंतर चित्र फिरवावे लागते. आई आता म्हणेल, हे उलटे का दिसते? पण ती काहीच बोलली नाही. आणि एकदम मला आठवले, लातूरच्या प्रवेशअर्जावर तिने अंगठा उठवला होता.

मी चित्र सुलट करून तिला दाखवले. तिने दोन्ही चित्रे नीट पाहिली. "ह्याच्यात आन् त्याच्यात काय फरक हाय?" तिने विचारले. माझा उजवा हात डावा झाला होता, शर्टाच्या गुंड्या दुसऱ्या बाजूला गेल्या होत्या, ते मात्र तिने ओळखले. अक्षर ओळखले नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. पाठ करणारे शिक्षक नकोत, म्हणून मी हा खटाटोप केला होता. पण मी स्वतः इतकी वर्षे कुणाकडे पाठ करून लिहीत होतो? गावातल्या मुलांचा विचार सुचला. ज्या घराने बैल विकून मला शिकवले, त्या घरातले कुणी कधी मनात आले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पलीकडे गेलो, आईच्या शेजारी उभा राहिलो आणि तिच्या बाजूने लिहिले. "आता माझं काय शिकायचं वय हाय का?" म्हणत तिने मार्कर हातात घेतला. पहिला काना वाकडा आला. तिने पदराने पुसला. मऊ कापडाचे मी काही बोललो नाही.

दहावीचे पाठ अजून दोनच झाले आहेत. फळा घरीच आहे. सुटीत गेलो की आई तिच्या बाजूने लिहिते आणि मी अलीकडे उभा असतो. आता तिची अक्षरे मला उलटी दिसतात. ती वाचायला मला थोडा वेळ लागतो.