ताट तेच, वाट्या मोठ्या

चि. सोन्यास,


ताईने तुझा रक्ताचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, खाली रडके चेहरे जोडून. एचबीएवनसी 5.9. हा आकडा 5.7 ते 6.4 च्या मध्ये आला की डॉक्टर मधुमेहाची पूर्वावस्था म्हणतात, 6.5 पासून पुढे मधुमेह. म्हणजे अजून पुष्कळ काही तुझ्या हातात आहे. मला खरी काळजी वाटली ती तिने पुढे सांगितलं त्याची. रिपोर्ट आला त्या दिवसापासून तू भात, पोळी, फळं, साखर सगळं एकदम सोडलंस आणि दोन्ही वेळा पनीर नि अंडी खातोयस म्हणे. हे किती दिवस चालणार? गणपतीत मोदक समोर आल्यावर काय करशील? आणि एकदा मोडलं की तू चिडून पुन्हा रात्री अकराला बिर्याणी मागवणार, हे तुझ्या मावशीला न सांगता कळतं.

"मी तर बारीक आहे, मग मलाच कसं झालं?" असं तू तिला विचारलंस. त्याचं उत्तर तुझ्याच पुण्यात आहे. केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी जास्त नि स्नायू कमी, ही आपल्यातल्या कितीतरी जणांची ठेवण. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांमध्येही याज्ञिकांना तेच दिसलं. जेवणातून रक्तात आलेली साखर उचलण्याचं मोठं काम स्नायू करतात. तू उपाशी राहून झटपट चार किलो उतरवलेस तर त्यात स्नायूही जाणार, आणि तेच तर तुझ्याकडे कमी आहेत.

म्हणून काट्यावर रोज चढणं सोड. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने तुझ्यासारख्याच, काठावरच्या 531 लोकांना तीन वर्षं पाहिलं. ज्यांनी फक्त खाणं सुधारलं नि चालणं वाढवलं त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे 28 टक्क्यांनी कमी झालं, आणि गंमत म्हणजे त्यांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. अमेरिकेतल्या अशाच मोठ्या अभ्यासात हा फरक 58 टक्के होता. तिथे काय करायला लावलं होतं? आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम, बहुतेकांच्या बाबतीत भरभर चालणं, आणि वजनात सात टक्के घट. उपासमार कुठेच नाही.

आता ताटाकडे ये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी नव्या सूचना काढल्या. दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसाचा हिशेब असा: धान्य 250 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळं 100, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस 85, दूध-दही 300 मिली, थोडे दाणे-तीळ आणि तेल-तूप सगळं मिळून 27 ग्रॅम. हे वाचून तुला वाटेल, परदेशी सॅलड खायला सांगतायत. अरे, हे सगळं आपल्या ताटात आधीपासून आहे, फक्त मापं उलटी झालीत. पोळ्या चार, भाताचा डोंगर, आमटी इतकी पातळ की तिच्यात डाळ शोधावी लागते, आणि कोशिंबीर लोणच्याएवढी, शोभेला! तू पोळी सोडू नकोस. दोनच घे, आणि आमटीच्या जागी घट्ट वरण, मटकीची उसळ, पिठलं नाहीतर हुलग्याचं माडगं घे, वाटी भरून. काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो यांतलं जे घरात असेल त्याची कोशिंबीर मोठ्या वाटीत. भात खायचा तर शेवटी नि मूठभर. आधी भाजी-डाळ पोटात गेली की त्यामागून आलेल्या भाताने साखर तितकी झपाट्याने चढत नाही.

ज्वारीबद्दलही एक सांगते, कारण सोलापूरची बाई ज्वारीचंच कौतुक करणार असं तुला वाटत असेल. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मालदांडी ज्वारीची भाकरी मला जिवापाड आवडते. पण भाकरी औषध नाही. चार भाकऱ्या खाल्ल्यास तर तोही पिष्टाचा ढीगच. आणि चोथा बघितलास तर गिरणीतून दळून आणलेल्या, कोंडा न चाळलेल्या कणकेत तो ज्वारीएवढाच असतो, शंभर ग्रॅमला दहा-अकरा ग्रॅमच्या आसपास. पांढऱ्या तांदळात तीनसुद्धा नाही. तेव्हा गहू म्हणजे विष म्हणणारे व्हिडिओ बंद कर. मैद्याला नाव ठेव, कणकेला नको. आणि त्या 'मल्टिग्रेन' बिस्किटांच्या पुड्याची मागची बाजू वाच. पहिलं नाव मैद्याचं निघालं तर पुडा होता तिथे ठेव.

दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे डॉ. दीक्षित की दर दोन तासांनी खा म्हणणाऱ्या दिवेकर, या वादात मला ओढू नकोस. आमच्या भिशीत त्यावरून दोघी महिनाभर बोलत नव्हत्या. तुझ्या एरवीच्या दिवसात मला एवढंच दिसतं की दुपारी एक ते रात्री दहा तुझ्या पोटात चहा-बिस्किटांशिवाय काही जात नाही, आणि मग दहाला तू जेवणावर तुटून पडतोस. हिंजवडीतून घरी पोहोचेपर्यंत साडेआठ वाजतात, तेव्हा सातला जेव म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस, ते जमणार नाही. सहाला ऑफिसातच काहीतरी पोटभरीचं खा: फुटाणे-शेंगदाणे, दोन उकडलेली अंडी, डब्यात नेलेली उसळ. मग रात्रीचं जेवण आपोआप लहान होतं.

एरवीच्या चहाचा हिशेबही मांड. चार कप, प्रत्येकी दोन चमचे. चमच्यात चार ग्रॅम धरले तरी 32 ग्रॅम साखर झाली, तीही बिस्किटं न मोजता. दिवसभरात 25 ग्रॅमच्या आत राहावं असं सांगतात. एकदम बिनसाखरेचा पिऊ नकोस, तोंड वाकडं करून सोडून देशील. दोनाचा दीड कर, महिन्याभराने एक.

एकवीस दिवसांत सवय लागते असं तुझ्या त्या अ‍ॅपने सांगितलं असेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली यांनी हे प्रत्यक्ष माणसांवर तपासलं. सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, तर कुणाचा अंदाज 254 पर्यंत गेला. आणि मला त्यातलं आवडलेलं हे, की मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. म्हणजे लग्नाच्या पंगतीत जिलेबी खाल्लीस तर दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून निर्जळी करायची गरज नाही. होळीला पुरणपोळी खा, तूप घालून खा, कटाची आमटी दोनदा घे. 'डाएटवर आहे' म्हणून यजमानीणबाईंचा हिरमोड करणारे पाहुणे मला मुळीच आवडत नाहीत. नवी गोष्ट मात्र रोज होणाऱ्या कशाला तरी बांध. जेवण झालं की फोन सोफ्यावर ठेवायचा नि खाली उतरून दहा-पंधरा मिनिटं चालायचं. शतपावली म्हणून आपल्याकडे हसण्यावारी नेली, पण जेवणानंतर चालल्याने साखर खरंच कमी चढते.

आता जरा खडसावते. कोशिंबीर चिरणार कोण? आपल्याकडे घरात कुणी 'हेल्दी' खायला लागलं की घरातल्या बाईचं काम वाढतं. सूनबाईही तुझ्याइतक्याच उशिरा घरी येते. साखर तुझी वाढलीय, तेव्हा विळी नाहीतर सुरी तुझ्या हातात हवी. रविवारी सकाळी क्रिकेट बघत गवार मोडता येते, मेथी निवडता येते. शनिवारी रात्री मटकी भिजत घाल, रविवारी फडक्यात बांध, सोमवारी मोड आलेले असतात. कुकरला डाळ लावायला तर इंजिनिअरिंगची डिग्रीही लागत नाही.

डॉक्टरांनी काही औषध दिलं असेल तर माझ्या पत्राच्या भरवशावर बंद करू नकोस. एचबीएवनसी तीन महिन्यांनीच पुन्हा तपास. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यामुळे तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा गोषवारा असतो. दर आठवड्याला लॅबवाल्याला पैसे देऊन काही कळणार नाही.

सूनबाईला आशीर्वाद.

तुझी,
मावशी

ता. क. एसटीच्या पार्सलने मटकी, हुलगे आणि कडक भाकरी पाठवलीय. शेंगाचटणीही आहे, पण ती महिनाभर पुरवायची. आणि सूनबाईचा वाटा निम्मा, हे मी तिला फोनवर सांगून ठेवलंय.