वादळाआधीचा बर्फ

पश्चिमी विक्षोभाची, म्हणजे बर्फ आणणाऱ्या हिवाळी वादळाची, बातमी आली की काश्मीरमधल्या गुलमर्गला स्की करणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला: किती पडणार? दोन फूट म्हटलं की चेहरे खुलतात, चार म्हटलं की झोप उडते. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. येणारा बर्फ कशावर पडणार, हे आधी विचारायला हवं, आणि त्याचं उत्तर आभाळाकडे बघून मिळत नाही. ते गुलमर्गच्या माथ्यावरच्या अफरवट शिखराच्या उतारावर कित्येक दिवस आधीच तयार झालेलं असतं.

चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, कोरडे गेले की उतारावर जेमतेम वीत-दोन वीत जुना बर्फ असतो. त्याच्या तळाशी तापमान शून्याच्या आसपास, वर निरभ्र रात्रीची कडाक्याची थंडी. इतक्या पातळ थरात इतका फरक पडला की तळातली वाफ वर सरकते आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. ते कोनदार, मोकळे होतात. खड्डा खणून तळाचा बर्फ मुठीत दाबून पाहावा. गोळा होतच नाही, जाड्या साखरेसारखा बोटांतून गळतो. वादळ आपलं सगळं ओझं या साखरेवर आणून टाकतं. म्हणजे ज्या कोरड्या हिवाळ्यात आपण वादळासाठी सर्वांत आसुसलेले असतो, नेमका तेव्हाच उतार ते पेलायला सर्वांत नालायक असतो. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळपास उघडंबोडकं होतं. फेब्रुवारीत भरघोस बर्फ पडला आणि २२ तारखेला खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलनात एक रशियन स्कीपटू गेला. एका अपघाताचं कारण दुरून ठरवता येत नाही, पण हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

हवामान खातं आहे, गोंडोला रोपवेचं गस्तीपथक आहे, मग ही उठाठेव कशाला, असं कोणी म्हणेल. पण अंदाज टापूचा असतो, उताराचा नसतो. वारा धारेच्या एका अंगाचा बर्फ उचलून पलीकडे ओततो, आणि तिथे अंदाजापेक्षा कितीतरी जास्त साचतो. गस्तीपथकाची हद्दही ठरावीक. त्यापलीकडे ज्याचा तो.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: पुण्या-मुंबईहून परतीचं तिकीट काढून आलो, आता ऐन बर्फात खोलीत निखाऱ्यांची कांगडी शेकत बसायचं? मुळीच नाही. (तसं पाहिलं तर हौशी माणसाला उतारावर ढकलण्यात बर्फापेक्षा त्या तिकिटाचाच हात मोठा असतो.) हिमस्खलनं मुख्यतः तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतात. वादळात झाडीतले सौम्य उतार धरावेत. वर धुक्यात काही दिसत नसतं, खाली निदान खोडं दिसतात. फक्त डोक्यावर मोठा उतार लोंबत नाही ना, एवढं पाहावं. अंदाज वाचताना इंचांपेक्षा तापमानाचा कल बघावा. वादळ उबेत सुरू होऊन थंडीत संपलं तर जड बर्फ खाली, हलका वर, आणि स्की सुरेख चालते. उलट झालं तर हलक्यावर जड बसतो. स्की रुतते आणि थर घसरायलाही सोपा. ताजा बर्फ दोन-तीन दिवसांत बराच बसतो, तळातली साखर मात्र आठवडेच्या आठवडे तशीच राहते. त्यामुळे तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं तरी मोकळ्या, चढ्या उतारांपुरतं वादळ संपलेलं नसतं.