कुलूप वस्तूला, लेकराला नव्हे

रविवारचा दिवस होता. बुद्धविहारातील वंदना आटोपून आम्ही घरी आलो. पायातल्या चपला काढतो न काढतो तोच आतून आईची हाक ऐकू आली. धावत जाऊन पाहतो तो काय, आमच्या धाकट्या भावाची सव्वा वर्षाची मुलगी ओट्याखालचे कपाट उघडून बसलेली आणि तिच्या दोन्ही हातांत थंड पेयाची बाटली! त्या बाटलीत थंड पेय नव्हते, संडास धुण्याचे ॲसिड होते. दारावर आलेल्या विक्रेत्याकडून स्वस्तात मिळाले म्हणून आम्हीच ते घेऊन रिकाम्या बाटलीत भरून ठेवले होते. बूच घट्ट होते, म्हणून निभावले.

भावजय घाबरून ओरडली, "अगं, शिवू नको त्याला!" आणि तिने पोरीच्या हातावर चापट मारली. पोरगी रडू लागली. आईने बाटली काढून घेतली, नातीला कडेवर घेतले आणि शांतपणे म्हणाली, "सूनबाई, बाटली काढून घ्यायची. पण तो शब्द या घरात काढायचा न्हाई."

आमची आई आज सत्तरीच्या पुढे आहे. तिच्या लहानपणी गावातला दुकानदार मीठ-मिरची वरून तिच्या ओट्यात टाकी आणि माठाकडे पाहिले तरी "शिवू नको" म्हणून खेकसत असे. म्हणून तिने आम्हा भावंडांना पुस्तक, भांडे, माणूस, कशालाच कधी शिवू नको म्हटले नाही. या शब्दामागे केवढा इतिहास आहे हे वाचकांना सांगावयास नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला, तो याच शब्दाविरुद्ध.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. समाजकार्याच्या निमित्ताने आम्ही वस्तीत व्यसनमुक्तीवर बोलतो, मुलांच्या शिक्षणावर बोलतो. आणि आमच्याच घरात लेकराच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ॲसिड! सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले, हे आम्हाला ठाऊक होते. तरीही चार पैसे वाचतात म्हणून आम्ही ते घेतले. दोष पोरीचा नव्हता, आमचा होता. या वयाच्या मुलाला जग हाताने आणि तोंडाने कळते. त्याच्या हातावर मारणे म्हणजे त्याच्या शिकण्यावरच मारणे होय.

दुसऱ्या दिवशी आम्ही कारकुनी स्वभावाप्रमाणे यादी करावयास बसलो. यादीसाठी आम्ही गुडघ्यावर रांगत घर पाहिले. तेव्हा कळले, की उभ्या माणसाला जे घर दिसते ते निराळे आणि रांगत्या मुलाचे घर निराळे. ओट्याखाली विळी, सुरी, फिनेल आणि काचेच्या बरण्या. पलंगाखाली उंदराचे औषध. टेबलाच्या खणात आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि घड्याळाचे चपटे सेल. असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून भाजू शकते.

मग आम्ही बाजारात गेलो. मुलांपासून कपाट सुरक्षित ठेवणारी लॉके आता भांड्यांच्या आणि हार्डवेअरच्या दुकानांतही मिळतात. पहिला प्रकार चिकटणाऱ्या पट्ट्याचा. त्याला भोके पाडावी लागत नाहीत, म्हणून भाड्याच्या घराला तो बरा. परंतु मोरीजवळच्या ओलसर दारावर त्याचा गोंद सुटतो. दुसरा प्रकार दोन मुठींमध्ये अडकवायच्या कडीचा. तो जोडदारालाच चालतो आणि मोठे माणूस तो परत अडकवायला विसरते. तिसरा चुंबकाच्या चावीचा. तो मजबूत खरा, पण चावी हरवली की मोठ्यांचीच पंचाईत. चौथा आतून स्क्रूने बसणारा स्प्रिंगचा हूक. दार बोटभर उघडते, मग हूक दाबल्याशिवाय पुढे सरकत नाही. दार लोटले की तो आपोआप अडकतो. आम्ही हा चौथा प्रकार घेतला, कारण तो आपल्या विसराळूपणावर अवलंबून नाही.

घेण्यापूर्वी आईला दुकानात नेऊन हूक दाबायला लावला. तिची बोटे संधिवाताने आखडली आहेत. जे लॉक घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उघडत नाही, ते चार दिवसांत कायमचे उघडे राहते.

बसवताना आमची एक चूक झाली. प्लायवूडचे दार जेमतेम पाऊण इंच जाड आणि आम्ही घेतला एक इंची स्क्रू. त्याचे टोक सनमायका फोडून बाहेर आले! शेवटी वस्तीतल्या सुतारदादांनी अर्ध्या इंचाचे स्क्रू दिले. आधी बारीक भोक पाडावे, हूक आणि त्याची खाच समोरासमोर येतात की नाही हे पेन्सिलीची खूण करून पाहावे आणि मगच स्क्रू आवळावा, हे त्यांनी शिकवले. पट्टा चिकटवायचा असेल तर दारावरचा तेलकटपणा आधी पुसून काढावा, जागा कोरडी करावी आणि पट्टा दाबून बसवल्यावर एक दिवस तरी ओढू नये.

गॅसच्या सिलिंडरच्या कप्प्याला मात्र आम्ही लॉक लावले नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. म्हणून त्या कप्प्याला खालून हवा हवी आणि रेग्युलेटरपर्यंत मोठ्यांचा हात क्षणात पोहोचला पाहिजे. स्वयंपाक झाला की रेग्युलेटर बंद करण्याचा नियम आम्ही केला.

फिनेल, औषधे आणि सेल आता माळ्यावरच्या कडी-कुलपाच्या पेटीत आहेत. उंदराचे औषध घरातून गेले, पिंजरा आला. ॲसिड पुन्हा घरात येणार नाही. आणि कोणतेही रसायन पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरायचे नाही, हा नियम लॉकापेक्षाही मोठा आहे.

इतके करूनही एखादे वेळी मुलाने काही गिळलेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. ॲसिड किंवा रॉकेल उलटीबरोबर वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते, फुप्फुसात शिरते. तोंडातले काढावे, बाटली किंवा पाकीट सोबत घ्यावे आणि थेट सरकारी रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

सर्व झाल्यावर आई म्हणाली, "समदं बंद केलंत, मग माझ्या नातीचं काय?" तिचे खरे होते. आम्ही ओट्याखालचा शेवटचा कप्पा रिकामा केला. त्यात स्टीलच्या वाट्या, लाकडी चमचे, प्लास्टिकचे डबे आणि दोन चित्रांची पुस्तके ठेवली. त्या दाराला लॉक नाही. आता घरात स्वयंपाक चालू असतो तेव्हा आमची पुतणी तो कप्पा उघडते, सगळा संसार बाहेर काढते, आणि आजी तिला वाट्या मोजायला शिकवते.

तथागतांनी अखेरच्या क्षणीही भिक्खूंना अप्रमादाचा, म्हणजे जागरूक राहण्याचा, उपदेश केला. आम्हाला वाटते, धम्म विहारातून घरी आणावयाचा तो असा. बांधवांनो आणि भगिनींनो, आज संध्याकाळी एकदा गुडघ्यावर बसून आपले घर पाहा. धोक्याच्या वस्तूला कुलूप लावा. लेकराच्या हाताला मात्र लावू नका.

जय भीम!